परदेशी साइटवर कार्ड वापरताना: छुपे शुल्क 'पे' दाबण्याआधी कसे पकडायचे

क्रेडिट कार्डाच्या बिलात शे-दोनशे, कधी हजार-पाचशे रुपये जास्तीचे दिसले की लोक बँकेत फोन करतात. तोवर उशीर झालेला असतो. हे शुल्क बहुतेक वेळा नियमाला धरून लागलेले असते आणि 'पे'चे बटण दाबण्याच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत ते ठरून गेलेले असते. त्यामुळे खरे काम त्याआधीचे आहे, आणि ते क्रमाने केले तरच उपयोगी पडते.

यवतमाळ, वाशीम, गोंदिया, गडचिरोलीच्या तालुक्यांमधूनही आता डॉलरमध्ये पैसे भरले जातात. परदेशी विद्यापीठाचा अर्ज, वेबसाइटचे होस्टिंग, ॲपची नोंदणी, एखाद्या यंत्राचा इथे न मिळणारा सुटा भाग, अशी कारणे असतात. बहुतेक घरांत कार्ड एकाकडेच असते, ते सगळ्यांच्या कामी येते आणि त्याच्या अटी कोणीच वाचलेल्या नसतात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

टप्पा १: आपल्या कार्डाचे चार आकडे वहीत लिहा

प्रत्येक कार्डासोबत 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' असा कागद असतो. हरवला असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा वेबसाइटवर कार्डाच्या नावाने शोधा. मजकूर लांबलचक असतो. त्यातून आपल्याला चारच गोष्टी हव्यात.

पहिली, परकीय चलनावरचे मार्कअप शुल्क, म्हणजे डॉलरसारख्या चलनात पैसे भरले की बँक त्या रकमेवर जे जास्तीचे टक्के लावते ते. पुष्कळ कार्डांवर ते ३.५ टक्के असते. काहींवर २ टक्क्यांच्या आसपास, तर मोजक्या कार्डांवर शून्य असते. दुसरी, परदेशी दुकानदाराला रुपयांत पैसे दिले तर लागणारे शुल्क. ते अनेक बँकांत १ टक्का आहे आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. तिसरी, रोख काढण्याचे शुल्क. चौथी, थकबाकीवरचे मासिक व्याज.

या प्रत्येक शुल्कावर आणि व्याजावरही १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. म्हणून ३.५ टक्के लिहिले असेल तर वहीत ४.१३ टक्के लिहा, १ टक्क्याच्या जागी १.१८. खिशातून जातो तो हाच आकडा.

तपासा: डेबिट कार्डावर हे लागत नाही अशी समजूत असेल तर त्याच्याही अटी उघडून बघा. परकीय चलनाचे मार्कअप तिथेही असते.

टप्पा २: कार्डावरची परवानगी गरजेपुरतीच उघडा

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १६ मार्च २०२० पासून नवे कार्ड फक्त देशातल्या एटीएमवर आणि स्वाइप मशीनवर चालेल अशा स्थितीत येते. ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय वापर आपणच ॲपमधून सुरू करायचा असतो. पैसे भरताना 'डिक्लाइन' आले की पोरं घाबरून तीन-चार वेळा प्रयत्न करतात. बहुतेक वेळा हा पर्यायच बंद असतो.

क्रम असा ठेवा. ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा लागणाऱ्या रकमेपेक्षा थोडीच जास्त ठेवा (दहा हजार भरायचे असतील तर अकरा हजार), पैसे भरा, पावती जतन करा आणि पर्याय पुन्हा बंद करा.

शेवटची पायरी सगळेच विसरतात. अनेक परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. पर्याय उघडा राहिला आणि नंबर कुणाच्या हाती लागला, तर मधे अडवणारे काहीच नसते.

सावध: झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रातल्या संगणकावर कार्ड वापरावे लागले, तर ब्राउझर 'कार्ड सेव्ह करायचे का' असे विचारतो. 'नाही' म्हणा. कार्डाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणे तर कटाक्षाने टाळा, मागणारा सख्खा भाऊ असला तरी.

टप्पा ३: पैसे भरण्याआधी कागदावर हिशोब करा

गुगलवर डॉलरचा भाव बघून गुणाकार केला की झाले, असे समजू नका. तो भाव तुमच्या कार्डाला मिळत नाही. रुपयांत रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या, कार्डावर जिचे नाव छापलेले असते त्या नेटवर्क कंपनीच्या दराने होते. त्यांच्या वेबसाइटवर हा दर बघता येतो. त्याच पानावर बँकेचे शुल्क टाकायचा रकाना असतो. तिथे टप्पा १ मधला आकडा टाकला की एकूण रक्कम जवळपास बरोबर कळते.

हातानेही करता येतो. हिशोबापुरता डॉलर ९० रुपये धरू आणि अर्जाची फी १०० डॉलर.

मूळ रक्कम ९,००० रुपये. ३.५ टक्के मार्कअप ३१५ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ५६ रुपये ७० पैसे. एकूण ९,३७१ रुपये ७० पैसे.

एकदा भरताना ३७२ रुपये कोणी मनावर घेत नाही. पण परदेशात शिकायला जाणारा मुलगा सहा-सात विद्यापीठांचे अर्ज भरतो, गुणपत्रिका पाठवायचे पैसे वेगळे देतो, परीक्षेची फी वेगळी. तिथे एका कार्डाऐवजी दुसरे वापरल्याने दोन-अडीच हजारांचा फरक सहज पडतो. एवढ्या पैशात मुलाचे नागपूरला दोन-तीनदा जाणे-येणे निघते. म्हणून असे खर्च एकापाठोपाठ एक येणार असतील, तर घरातल्या, काका-मामांकडच्या सगळ्या कार्डांचे मार्कअप आधी विचारून घ्या आणि सर्वांत कमी असलेल्या कार्डावरूनच भरा.

आणखी एक गोष्ट. दर पैसे भरले त्या दिवसाचा लागेलच असे नाही. परदेशी दुकानदाराची मागणी बँकेपर्यंत पोहोचायला दोन-चार दिवस लागतात आणि पक्का दर तेव्हा ठरतो. एसएमएसमधली रक्कम आणि बिलातली रक्कम यांत थोडाफार फरक दिसला तर लगेच फसवणूक समजू नका. मूळ डॉलरचा आकडा जुळतो का, ते आधी बघा.

टप्पा ४: 'रुपयांत भरा' हा पर्याय दिसला की थांबा

सर्वांत जास्त पैसे इथे जातात, म्हणून हे सावकाश वाचा.

परदेशी साइटवर कार्डाचा नंबर टाकल्याबरोबर साइटला कळते की कार्ड भारतीय आहे. मग ती विचारते: डॉलरमध्ये भरणार की रुपयांत? रुपयांच्या चौकटीत बरेचदा आधीच खूण केलेली असते. ओळखीचे चलन, समोर पक्का आकडा, त्यामुळे माणूस रुपये निवडतो. पण हे रूपांतर तुमची बँक करत नाही. साइटच्या बाजूची कंपनी करते आणि ती स्वतःचा नफा दरातच घालते. वेगळी ओळ दिसत नाही, फक्त डॉलर महाग पडतो.

वरचेच उदाहरण घ्या. साइटने ९० ऐवजी ९४ रुपये ५० पैसे भाव लावला असे धरा. १०० डॉलरचे ९,४५० रुपये झाले. आता मार्कअप वाचले असे वाटते. पण दुकानदार परदेशी असल्याने बँक १ टक्का लावते, म्हणजे ९४ रुपये ५० पैसे, आणि त्यावर जीएसटी १७ रुपये १ पैसा. एकूण ९,५६१ रुपये ५१ पैसे. डॉलरमध्ये भरले असते तर १९० रुपये वाचले असते.

म्हणून साधारण नियम असा: दुकानदार ज्या देशातला, त्याच देशाच्या चलनात भरा. साइटवर 'कन्व्हर्जन रेट' किंवा 'गॅरंटीड एक्स्चेंज रेट' असे शब्द दिसले की खूण कशावर आहे ते बघा आणि मूळ चलन निवडा.

प्रवासातही हेच लागू होते. दीक्षाभूमीच्या या प्रदेशातून थायलंड, श्रीलंकेच्या बौद्ध स्थळांच्या यात्रेला अनेक जण जातात. तिथल्या हॉटेलात किंवा दुकानात स्वाइप मशीनवर भारतीय रुपयांचा आकडा दिसला, तर पिन टाकू नका. 'लोकल करन्सी' एवढेच सांगा, थायलंडमध्ये बाथ, श्रीलंकेत तिथला रुपया. पावतीवर कोणते चलन छापले आहे ते बघूनच सही करा. श्रीलंकेच्या पावतीवर नुसते 'रुपये' बघून भागत नाही. आपल्या रुपयाला 'आयएनआर' आणि त्यांच्या रुपयाला 'एलकेआर' असा संकेत असतो, तो वाचा.

सावध: परदेशातल्या एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. रोख काढण्याचे शुल्क, मार्कअप, दोन्हींवर जीएसटी, तिथल्या एटीएमचे वेगळे पैसे, आणि व्याज पहिल्या दिवसापासून. बिनव्याजी मुदत रोख रकमेला मिळत नाही.

टप्पा ५: किंमत रुपयांत, पण दुकानदार कुठला?

साइट मराठीत किंवा हिंदीत दिसते, किंमत रुपयांत दिसते, म्हणून कंपनी भारतातली असेलच असे नाही. सॉफ्टवेअर, ऑनलाइन कोर्स, होस्टिंग, गेम अशा अनेक सेवा रुपयांत भाव सांगतात आणि पैसे सिंगापूर, आयर्लंड किंवा अमेरिकेत नोंदलेल्या खात्यात घेतात. अशा व्यवहाराला तुमची बँक परदेशी समजू शकते आणि टप्पा १ मधले दुसरे शुल्क लावू शकते.

ओळखायचे कसे? पैसे भरायच्या पानाच्या तळाशी किंवा 'टर्म्स'मध्ये कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असतो. भारतातला जीएसटी क्रमांक असलेले, भारतातल्या पत्त्याचे बिल मिळणार असेल तर बहुधा चिंता नाही. शंका असेल तर कार्डावरचा आंतरराष्ट्रीय पर्याय बंद ठेवून पैसे भरून बघा. व्यवहार झाला तर तो देशातला. अडला तर शुल्काचा विचार करून पुढे जा. आणि अशा साइटवर यूपीआयचा पर्याय दिसत असेल तर कार्ड बाजूलाच ठेवा.

वस्तू मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि कर वेगळे. ते कार्डावर दिसणार नाहीत. कुरियरवाला पार्सल देण्याआधी मागेल. साइटवर 'ड्युटी समाविष्ट' असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती रक्कम धरूनच वस्तू परवडते का ते ठरवा.

टप्पा ६: दुसऱ्यासाठी कार्ड देताना हिशोब आधी बोला

गावात हे फार घडते. पुतण्याला फॉर्म भरायचा असतो, कार्ड मास्तर असलेल्या काकांचे. पुतण्या गुगलचा भाव बघून ९,००० रुपये फोनवर पाठवून देतो. बिल ९,३७२ चे येते. काका मागत नाहीत, पुतण्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी काका कार्ड द्यायला टाळतात.

साधा उपाय: ठरलेल्या टक्क्यांसह अंदाजे रक्कम आधी घ्या आणि बिल आल्यावर फरक चुकता करा, असे आधीच बोलून घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही. पैसे बिल येण्याआधी हातात आलेले बरे, कारण 'कापसाचे चुकारे झाले की देतो' असे ठरले तरी कार्डाची तारीख चुकाऱ्यासाठी थांबत नाही.

टप्पा ७: दर महिन्याला आपोआप कापले जाणारे पैसे

महिन्याला २० डॉलरची एखादी सेवा घेतली. ९० च्या भावाने १,८०० रुपये, वर ७४ रुपये ३४ पैसे शुल्क-जीएसटी. वर्षाला ८९२ रुपये नुसते शुल्कात. वर्षाची वर्गणी एकदम भरली तरी टक्का तोच लागतो, मात्र वार्षिक भाव कमी असेल तर शुल्कही तेवढे उतरते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा आपोआप कपातीची सूचना बँकेने किमान २४ तास आधी पाठवायची असते. साधारणपणे १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या हप्त्यांना ओटीपी लागत नाही. म्हणजे तो एसएमएस हीच शेवटची संधी. नंबर बदलला असेल किंवा बँकेत जुना असेल तर ही सूचना कुठे जाते कोण जाणे. आधी नंबर दुरुस्त करा.

'पहिला महिना फुकट' घेतला तर त्याच दिवशी मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये मुदतीच्या दोन दिवस आधीची आठवण लावा. ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी बंद झाली, असे होत नाही. साइटवर जाऊन रद्द करा, रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा, आणि बँकेच्या ॲपमधल्या 'ई-मँडेट' म्हणजे आपोआप कपातीच्या परवानग्यांच्या यादीतूनही ती नोंद काढा.

टप्पा ८: देशातल्या ऑनलाइन खरेदीतले शुल्क

यात कोडे फारसे नाही, फक्त बघायची सवय हवी. रेल्वेचे तिकीट आयआरसीटीसीवर कार्डाने काढले तर सुविधा शुल्क एसीला ३० आणि बिगर-एसीला १५ रुपये, यूपीआयने काढले तर २० आणि १०, वर जीएसटी. महावितरणचे बिल ऑनलाइन भरताना बाकी पर्याय निःशुल्क आहेत, क्रेडिट कार्डाला मात्र शुल्क लागते. घरभाडे, वॉलेटमध्ये पैसे टाकणे यांवर अनेक बँका १ टक्का घेतात. पेट्रोल पंपावर १ टक्का अधिभार लागतो. काही कार्डांवर तो परत मिळतो, त्यावरचा जीएसटी मात्र परत येत नाही.

'नो कॉस्ट ईएमआय'बद्दल थोडे जास्त सांगावे लागेल. मोबाइलच्या किमतीतून व्याजाएवढी सूट देतात आणि बँक ते व्याज हप्त्यांत लावते. त्या व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी. व्याज १,१०० रुपये असेल तर जीएसटी १९८. प्रक्रिया शुल्क १९९ आणि त्यावर जीएसटी ३५ रुपये ८२ पैसे. बिनखर्ची म्हणून घेतलेल्या हप्त्यांना ४३२ रुपये ८२ पैसे लागले. रोखीने घेतल्यास दुकानदार किती कमी करतो, ते आधी विचारा.

टप्पा ९: बिल आले की शुल्काच्या ओळी वेगळ्या काढा

बाजार समितीच्या पट्टीत हमाली-तोलाई वेगळ्या ओळीत दिसते, तशीच कार्डाच्या बिलात मार्कअपची ओळ असते. फक्त ती खरेदीच्या खालीच असेल असे नाही. कधी दोन-चार दिवसांनंतरच्या तारखेला, कधी बिलाच्या शेवटी. जीएसटी 'आयजीएसटी' म्हणून एकाच ओळीत येतो किंवा 'सीजीएसटी' आणि 'एसजीएसटी' अशा नऊ-नऊ टक्क्यांच्या दोन ओळींत. दोन ओळी बघून दोनदा कर लागला असे समजून भांडायला जाऊ नका.

बिल हातात घेऊन तीनच गोष्टी ताडून बघा: मूळ चलनातला आकडा पावतीशी जुळतो का, मार्कअपची टक्केवारी अटींमधल्या टक्केवारीएवढीच आहे का, आणि एकाच खरेदीवर शुल्क दोनदा लागले नाही ना.

वस्तू परत केली तर रिफंड त्या दिवसाच्या दराने येतो आणि आधी कापलेले मार्कअप बहुधा परत मिळत नाही. परदेशी साइटवर 'आवडले नाही तर परत करू' या भरवशावर मागवू नका.

टप्पा १०: बिल पूर्ण भरा, आणि तारीख आपल्या सोयीची घ्या

मार्कअप ४ टक्के, पण एकदाच. थकबाकीचे व्याज अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. 'मिनिमम ड्यू' म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम भरली की काम भागले, ही समजूत सर्वांत महागात पडते. १२,००० च्या बिलापैकी ६०० भरले, तर व्याज खरेदीच्या तारखेपासून सुरू होते, महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास, वर जीएसटी. शिवाय पुढच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

आपल्याकडे पैसा हंगामाने येतो. सोयाबीन दिवाळीच्या आसपास, कापूस त्यानंतर, वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार. बिल मात्र महिन्याच्या महिन्याला. पगारदार घरात पगाराची तारीख असते, दुधाचे पैसे येणाऱ्या घरात वेगळी. बिलाची तारीख बदलून मागण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमात आहे, ती वापरा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर डॉलरमधला मोठा खर्च कार्डावर टाकायचाच असेल, तर तेवढे पैसे आधी खात्यात बाजूला काढून ठेवा.

तपासा: शेवटच्या दिवसावर ठेवू नका. नेटवर्क गेले, सर्व्हर अडकला, की दिवस जातो. बँकेला उशिराचे शुल्क देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्यावरच लावता येते. तेवढी सवलत लक्षात असू द्या, पण तिच्यावर विसंबू नका.

टप्पा ११: चूक दिसली तर कोणत्या क्रमाने जायचे

न केलेला व्यवहार दिसला तर आधी ॲपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणामुळे पैसे गेले आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर तुमच्यावर भार येत नाही. चौथ्या दिवसापासून तो येऊ लागतो. फसवणूक असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवरही लगेच नोंदवा.

शुल्क जास्त लागले असेल तर बँकेला लेखी लिहा: व्यवहाराची तारीख, मूळ चलनातली रक्कम, अटींमधली टक्केवारी, प्रत्यक्ष कापलेली रक्कम, फरक. 'माझे पैसे कापले' एवढ्यावर साचेबंद उत्तर येते. आकड्यांना आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते. तालुक्याच्या शाखेत क्रेडिट कार्डाचे काम बहुधा होत नाही, तिथे दिवस घालवू नका. ईमेल किंवा ॲपमधूनच तक्रार करा.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार 'सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन' या संकेतस्थळावर करता येते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे, आणि पैसे लागत नाहीत. बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीची प्रत जोडायला विसरू नका. बँकेकडे न जाता थेट तिथे केलेला अर्ज परत येतो.